समुद्राच्या नोंदी राखणारी संस्था : हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ची पंचवीस वर्षे

हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. इथून मच्छलीपट्टणचा किनारा गाठायचा तर रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून जास्त अंतर कापावे लागते. तरीही मिरकरवाडा, हर्णै किंवा ससून डॉक येथून होडी बाहेर काढणाऱ्या तांडेलाला लाटांचा अंदाज मिळतो, मासळीचा पट्टा कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहे हे कळते, आणि ही माहिती तयार होते ती याच शहरातल्या प्रगतीनगरमध्ये. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, ३ फेब्रुवारी १९९९ रोजी एक नोंदणीकृत स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झाले. २०२४ साली त्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली.

या संस्थेचा इतिहास सुनामीच्या इशाऱ्यांचा किंवा मत्स्य-सल्ल्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण या सगळ्या सेवा ज्या पायावर उभ्या आहेत, तो पाया म्हणजे समुद्रात जाऊन मोजलेले तापमान, क्षारता, प्राणवायू आणि पोषकद्रव्ये. मोजणारे जहाजावर असतात आणि त्यांच्या नोंदी तपासून जपणारे हैदराबादेत. प्रस्तुत लेखात या दोघांच्या कामाचा मागोवा घेतला आहे.

पूर्वपीठिका

अटलांटिक आणि प्रशांत महासागरांच्या तुलनेत हिंदी महासागराचे पद्धतशीर मोजमाप उशिरा सुरू झाले. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली. अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे तिच्यात उतरली, भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस किस्तना’नेही त्यात भाग घेतला. वर्षात दोनदा वारे दिशा बदलतात आणि त्यांच्यामागोमाग समुद्राचे प्रवाहही दिशा बदलतात, असा हा महासागर. त्याचे पहिले सविस्तर चित्र या मोहिमेतून उभे राहिले. क्लाउस व्युर्त्की यांनी मोहिमेतील आकडेवारीवरून तयार केलेला नकाशासंग्रह १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांच्या टेबलावर राहिला.

मोहिमेचे दुसरे फळ म्हणजे १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आहे. १९७६ साली या संस्थेला ‘गवेषणी’ हे जहाज मिळाले. १९८१ साली केंद्र सरकारने महासागर विकास विभाग सुरू केला. त्यापाठोपाठ जर्मनीत बांधलेले ‘सागरकन्या’ १९८३ साली आणि डेन्मार्कमध्ये बांधलेले ‘सागर संपदा’ १९८४ साली दाखल झाले. शंभर मीटर लांबीच्या ‘सागरकन्ये’वर प्रयोगशाळा होत्या आणि खोल पाण्यात उपकरणे सोडण्यासाठी विंच होते. आपल्या समुद्राचे पाणी आपण आपल्याच जहाजातून, आपल्याला हव्या त्या ऋतूत मोजू शकतो ही सोय तिच्यामुळे झाली.

१९९०च्या दशकात ‘सागरकन्या’ अरबी समुद्रात वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हापुन्हा गेली. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचा पृष्ठभाग थंड होतो, वरचे पाणी जड होऊन खाली जाते आणि खालची पोषकद्रव्ये वर येतात. त्यामुळे पावसाळ्याप्रमाणे हिवाळ्यातही हा समुद्र सुपीक असतो. एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९६ साली मांडले. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की पावसाळ्याच्या उत्तरार्धात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातला प्राणवायू फार कमी होतो, आणि तिथून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. हे दोन्ही निष्कर्ष जहाजावर भरलेल्या पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांतून निघाले.

बालानगरहून प्रगतीनगरकडे

समुद्रविषयक संस्था हैदराबादेत का, हा प्रश्न नवख्या माणसाला हमखास पडतो. त्याचे उत्तर शहरातल्याच बालानगरमध्ये आहे. राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था तिथेच होती आणि उपग्रहांकडून येणारी माहिती उतरवून घेण्याची यंत्रणा हैदराबाद परिसरातच होती. १९९०च्या आसपास तिथे सागरी दूरसंवेदन माहिती सेवा सुरू झाली. समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचे उपग्रह-नकाशे पाहून, थंड आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडते त्या रेषा शोधायच्या आणि मासळी सापडण्याची शक्यता असलेले पट्टे मच्छीमारांना कळवायचे, असे हे काम होते. ते उभे करणाऱ्यांत डॉ. ए. नरेंद्रनाथ यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. त्या काळी नकाशे फॅक्सने किनाऱ्यावर जात.

या सेवेला कायमचे घर हवे, आणि मासळीबरोबर लाटा, प्रवाह व हवामानासाठी लागणारी सागरी माहितीही एकाच ठिकाणाहून दिली जावी, या विचारातून इन्कॉइस आकाराला आले. त्याच वर्षी, २६ मे १९९९ रोजी, इस्रोने ओशनसॅट-१ सोडला. त्यामुळे पाण्यातल्या हरितद्रव्याची माहितीही मिळू लागली आणि सल्ला तापमान व हरितद्रव्य या दोन्हींच्या आधारे देता येऊ लागला.

२००० ते २००५ या काळात डॉ. के. राधाकृष्णन संचालक होते. पुढे ते इस्रोचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत संस्थेची घडी बसली आणि हिंदी महासागराभोवतीच्या देशांशी निरीक्षणांच्या बाबतीत सहकार्य सुरू झाले. डॉ. शैलेश नायक यांनी २००६ ते २००८ या काळात धुरा सांभाळली, आणि त्यानंतर ते पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे सचिव झाले. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतून आलेल्या डॉ. सतीश शेणॉय यांनी दीर्घकाळ नेतृत्व केले. २०२० साली डॉ. टी. श्रीनिवास कुमार यांच्याकडे संचालकपद आले. सुनामी इशारा केंद्राच्या उभारणीत ते सुरुवातीपासून होते.

उपग्रहाला न दिसणारे पाणी

उपग्रह एका दिवसात मोठा समुद्र पाहतो, पण त्याला समुद्राचा वरचा थर तेवढा दिसतो. अवरक्त किरणांनी मोजलेले तापमान तर पाण्याच्या अगदी पातळ पापुद्र्याचे असते. चक्रीवादळाला बळ मिळते ते उबदार पाण्याचा थर किती जाड आहे त्यावरून. पृष्ठभागावर ३० अंश तापमान असले, तरी २६ अंशांचे पाणी ३० मीटरवर लागते की १०० मीटरवर, यावरून वादळाची पुढची चाल बदलते. वादळ पाणी घुसळते, आणि थर पातळ असेल तर खालचे थंड पाणी वर येऊन वादळाचाच जोर कमी करते.

बंगालच्या उपसागरात याला आणखी एक पदर आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेचे आणि पावसाचे गोडे पाणी तिथे वर तरंगते. ते हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. अशा ठिकाणी केवळ तापमान मोजून भागत नाही, क्षारताही खोलवर मोजावी लागते. त्यासाठी उपकरण पाण्यात उतरवण्याला पर्याय नाही.

इन्कॉइसच्या जडणघडणीच्या काळात मोठी संशोधन जहाजे संस्थेच्या ताब्यात नव्हती. ‘सागरकन्या’ गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे होती, ‘सागर संपदा’ कोचीत, २००८च्या सुमारास आलेले ‘सागर निधी’ चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडे, आणि २०१४ साली दाखल झालेले ‘सिंधू साधना’ दोनापावल्याला. इन्कॉइसचे शास्त्रज्ञ या जहाजांवरून गेले, आणि निरीक्षणांचे कार्यक्रम या सहयोगी संस्थांच्या बरोबरीने चालले. जहाज एकाचे, उपकरण दुसऱ्याचे आणि नोंदी सर्वांच्या, हा रिवाज त्यातून पडला.

ही रीत व्यापारी आणि प्रवासी जहाजांपर्यंतही पोचली. चेन्नई–पोर्ट ब्लेअर–कोलकाता आणि मुंबई–मॉरिशस या मार्गांवरून जाणाऱ्या जहाजांमधून एक्सबीटी नावाची उपकरणे सोडली जातात. १९९०च्या सुमारास गोव्याच्या संस्थेने हे काम सुरू केले, आणि पुढे त्याला इन्कॉइसचा आधार मिळाला. चालत्या जहाजावरून छोटे टोकदार उपकरण पाण्यात टाकायचे. केसासारखी बारीक तांब्याची तार उलगडत ते खाली जाते, जाताजाता तापमान कळवत राहते, आणि शेवटी तार तुटली की काम संपते. त्यात खोली मोजण्याची सोय नसते. किती वेळात किती खाली गेले असेल या हिशेबाने खोली काढतात. एकाच मार्गावरून वर्षानुवर्षे असे केल्यामुळे समुद्राच्या उभ्या छेदाचे ऋतुमान हाती आले.

जहाजावरचा एक तास

संशोधन जहाज ठरलेल्या ठिकाणी थांबते, त्याला ‘स्टेशन’ म्हणतात. तिथे सीटीडी नावाचे उपकरण विंचने खाली सोडतात. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब ते सतत मोजते. वाहकतेवरून क्षारता काढतात आणि दाबावरून खोली. त्याच्याभोवती गोलाकार चौकटीत निस्किन बाटल्या बसवलेल्या असतात, आणि खाली जाताना त्या दोन्ही टोकांना उघड्या असतात. वर येताना ठरलेल्या खोलीवर प्रयोगशाळेतून कळ दाबली की एकेक बाटली बंद होते, आणि त्या खोलीचे पाणी तिच्यात अडकून वर येते. चार हजार मीटरांपर्यंत जाऊन परत यायला तीन तासांच्या आसपास लागतात. वर डेकवर घामाच्या धारा लागलेल्या असताना तळाकडच्या बाटल्या हाताला बर्फासारख्या लागतात.

चौकट डेकवर टेकली की नमुने घेण्याचा क्रम ठरलेला असतो, आणि त्यात पहिला मान प्राणवायूचा. बाटलीतल्या पाण्याला हवा लागली की आकडा बदलतो. म्हणून रबरी नळी काचेच्या कुपीच्या तळाशी धरायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि पाणी काठोकाठ भरून वाहू द्यायचे. मग मँगनीजचे आणि आयोडाइडचे द्रावण कुपीच्या तोंडाखाली सोडून बूच लावायचे. ही १८८८ सालची विंकलर यांची पद्धत आहे, आणि नवे संवेदक आले तरी त्यांची खातरजमा करायला आजही तीच वापरतात. पाण्यात प्राणवायू असेल तर कुपीत तपकिरी साका बसतो. अरबी समुद्रात तीनशे-चारशे मीटर खोलीवरून आलेल्या कुपीत मात्र तो पांढराच राहतो. तिथे प्राणवायू जवळपास उरलेलाच नाही, हे त्या रंगावरून पाहताक्षणी कळते. पुढे आम्ल घालून साका विरघळवायचा, थायोसल्फेट थेंबथेंब सोडत निळा रंग नाहीसा होईपर्यंत अनुमापन करायचे आणि आकडा लिहायचा.

प्राणवायूनंतर आम्लता, पोषकद्रव्ये, क्षारता, हरितद्रव्य अशी रांग लागते. रात्र असो वा पावसाळी हेलकावे, पाळीवर असलेल्या माणसाला हा क्रम मोडता येत नाही. तरुण संशोधक विद्यार्थी, विंच चालवणारे खलाशी, तंत्रज्ञ यांची नावे शोधनिबंधाच्या मथळ्याखाली फारशी येत नाहीत. पण त्यांच्या हातच्या नीटनेटकेपणावर सगळी आकडेवारी तोललेली असते.

आर्गो : जहाज नसतानाचे मोजमाप

जहाजाचा दिवस महाग असतो, आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात जहाजे कमीच जातात. यावर तोडगा म्हणून या शतकाच्या आरंभी आर्गो हा जागतिक कार्यक्रम सुरू झाला. आर्गोचा स्वयंचलित तरंगक साधारणपणे हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतो. दर दहा दिवसांनी तो दोन हजार मीटरांपर्यंत उतरतो, मग वर येताना तापमान आणि क्षारता मोजतो, उपग्रहामार्फत आकडे पाठवतो आणि पुन्हा खाली जातो. २००७च्या नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या तरंगकांची संख्या ३,०००वर पोचली. भारताच्या वतीने इन्कॉइसने शेकडो तरंगक सोडले आणि हिंदी महासागरातील आर्गो माहितीचे प्रादेशिक केंद्र हैदराबादेत उभे राहिले. या कामात डॉ. एम. रविचंद्रन यांचा मोठा वाटा होता. तेही पुढे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे सचिव झाले.

तरंगक सोडायला जहाज लागतेच, आणि त्याच्या आकड्यांची पारख करायलाही लागते. वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्यावर संवेदकावर शेवाळ धरते आणि क्षारतेचे आकडे हळूहळू ढळतात. ते किती ढळले हे ठरवायला त्याच भागातली जहाजावरची काटेकोर नोंद शेजारी ठेवावी लागते. प्रत्येक आकड्याला गुणवत्तेची खूण दिली जाते. १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. वाईट आकडा पुसत नाहीत, खूण करून ठेवतात. अलीकडच्या काही तरंगकांवर प्राणवायू, हरितद्रव्य, नायट्रेट आणि आम्लता मोजणारे संवेदकही असतात. त्यामुळे रसायनशास्त्राच्या बाटलीचे महत्त्व कमी न होता वाढले आहे.

२६ डिसेंबर २००४ नंतर

सुमात्राजवळच्या भूकंपातून उठलेल्या सुनामीने भारतात दहा हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला. त्या दिवशी हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. ती उभारण्याची जबाबदारी इन्कॉइसवर आली, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये भारतीय सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यान्वित झाले. भूकंपाची नोंद होताच काही मिनिटांत पहिली सूचना जाते. पण सुनामी खरोखर उठली की नाही, हे समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरची भरती-ओहोटीची मापकेच सांगू शकतात. हे दाबमापक जहाजातून नेऊन बसवावे लागतात आणि त्यांची निगा राखायलाही जहाजच जावे लागते. २०११ पासून ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या बरोबरीने भारत साऱ्या हिंदी महासागराला ही सेवा देतो. मुंबईला हा विषय परका नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपातून उठलेल्या सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

दुसरी मोहीम

पहिल्या मोहिमेला पन्नास वर्षे झाली तेव्हा दुसरी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आखली गेली. ४ डिसेंबर २०१५ रोजी गोव्यात तिचा आरंभ झाला आणि ‘सागर निधी’ मुरगावहून मॉरिशसकडे निघाले. या मोहिमेचे समन्वय कार्यालय दोन ठिकाणी ठरले, ऑस्ट्रेलियात पर्थला आणि भारतात हैदराबादला, इन्कॉइसमध्ये. पहिल्या मोहिमेत आपण इतरांच्या जहाजांबरोबर शिकत होतो. दुसऱ्या मोहिमेत आखणी, समन्वय आणि माहितीची राखण यांत आपला वाटा मोठा होता. पन्नास वर्षांच्या अंतराने त्याच समुद्राची मोजमापे शेजारी मांडता आली, कारण कोणीतरी पहिल्या नोंदी जपून ठेवल्या होत्या.

नोंदी जपण्याचे हेच काम इन्कॉइस राष्ट्रीय महासागर माहिती केंद्र म्हणून रोज करते. मोजमाप कुठे झाले, केव्हा झाले, कोणत्या उपकरणाने झाले, ते उपकरण कधी तपासले होते, हे सोबत नसेल तर आकडा निरुपयोगी ठरतो. शिकवण्याचे कामही संस्थेने अंगावर घेतले. २०१३ साली आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, पुढे त्याला युनेस्कोची मान्यता मिळाली, आणि हिंदी महासागराभोवतीच्या देशांतले शास्त्रज्ञ तिथे शिकायला येतात.

महाराष्ट्राशी नाते

रत्नागिरीच्या समुद्रातल्या लाटमापकाची नोंद हैदराबादला येते, आणि मत्स्य-सल्ला मराठीतून कोकणात जातो. बंदरापासूनची दिशा, अंतर आणि पाण्याची खोली असे सगळे त्यात असते. बंदीच्या काळात, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, हा सल्ला दिला जात नाही. माशांच्या विणीचा काळ सांभाळायचा असतो.

किनाऱ्यापासून दूर, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचाही या जहाजांशी संबंध आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मान्सूनच्या हंगामी अंदाजाचे प्रारूप विकसित झाले. त्याला आरंभी समुद्राची आजची स्थिती सांगावी लागते, आणि ती मांडणी इन्कॉइसकडून गेली. तिच्यामागे आर्गोचे, समुद्रात नांगरलेल्या बोयांचे आणि जहाजांचे आकडे असतात. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले, हेही आपल्याला कळते ते अशा जुन्या-नव्या नोंदी सलग मांडल्यामुळेच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याजवळून गेले. शांत समजल्या जाणाऱ्या अरबी समुद्राच्या पोटात किती उष्णता साठली आहे, हा प्रश्न आता कोकणातल्या प्रत्येक घराचा झाला आहे.

पुढची वाटचाल

येत्या काळात संवेदक अधिक बारीक होतील, प्रारूपे अधिक नेमकी होतील, आणि स्वयंचलित यंत्रे जहाजांचे काही काम हलके करतील. त्यांचे स्वागतच आहे. पण यंत्राचा आकडा खरा की खोटा हे ठरवायला काटेकोरपणे भरलेली बाटली आणि ती भरणारी शिकलेली माणसे लागणारच. पैशांची ओढाताण झाली की पहिली कात्री जहाजांच्या दिवसांना लागते, कारण त्याचे नुकसान त्या वर्षी दिसत नाही. ते वीस-पंचवीस वर्षांनी दिसते, अभ्यासकाला तुलनेसाठी नोंद हवी असते आणि तिथे रिकामी जागा सापडते तेव्हा. २०२४ सालचे पाणी २०५० साली मोजता येणार नाही. म्हणून जहाजांचे दिवस, रसायनशाळेतली कुशल माणसे आणि नोंदींची निगा या तीन गोष्टींत कधी खंड पडू देऊ नये. इन्कॉइसने पंचवीस वर्षांत कमावलेला विश्वास याच तिन्हींवर उभा आहे, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत किनाऱ्यावरची माणसे त्यावरच विसंबून राहणार आहेत.